शेणातला हिशेब: म्हशीच्या पचनासाठी मार्कर कोणता आणि कसा

घणसोलीहून एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने विचारलं आहे. दिवा स्टेशनजवळच्या एका तबेल्यातल्या 12 मुऱ्हा म्हशींवर प्रबंधाचं काम करायचं आहे. आहारात भाताचा पेंढा, तुरीची चुणी, सरकी पेंड आणि तुर्भ्याच्या बाजारातून येणारा फ्लॉवर-कोबीचा पाला. या आहाराची पचनीयता किती आणि चारा पोटात किती वेळ राहतो, हे दोन्ही काढायचं आहे. मार्गदर्शक क्रोमिक ऑक्साईड हा हिरवा मार्कर (न पचता शेणात निघणारा, मोजता येणारा पदार्थ) वापरायला सांगतात, तर तबेल्याचे मालक म्हणतात, माझ्या म्हशीला रंग खायला घालायचा नाही. कोणाचं ऐकू?

ताई, मालकांचं ऐका. त्यांचं कारण वेगळं असेल, माझं वेगळं आहे, पण निकाल तोच.

आधी एक गाठ सोडवू. तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारलेत: किती पचलं, आणि किती वेळ राहिलं. दोन्हींना मार्कर लागतो म्हणून ते एकच वाटतात. पहिल्यात मार्कर रोज, सारखा, न चुकता पोटात जायला हवा आणि शेणातलं त्याचं प्रमाण दिवसभर जवळपास स्थिर राहायला हवं. दुसऱ्यात मार्कर एकदाच द्यायचा आणि शेणातलं त्याचं प्रमाण कसं चढतं, कसं उतरतं हेच पाहायचं. पहिल्यात ज्या चढउताराने आपण हैराण होतो, तोच दुसऱ्यात आपल्याला हवा असतो. एकाच मार्करवर, एकाच आठवड्यात दोन्ही उरकायला गेलात तर दोन्ही हातचे जातील.

पचनीयतेचं तत्त्व बासुंदी करणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. लिटरभर दुधात 50 ग्रॅम साखर घातली आणि दूध निम्मं आटवलं, तर साखर तेवढीच राहते पण गोडी दुप्पट होते. पातेलं वजनकाट्यावर न ठेवता, नुसती आधीची आणि नंतरची गोडी मोजली तरी किती आटलं ते कळतं. चारा म्हणजे दूध, पचन म्हणजे आटणं, मार्कर म्हणजे साखर. म्हणून गणित सोपं आहे: चाऱ्यातलं मार्करचं प्रमाण भागिले शेणातलं प्रमाण, गुणिले 100, आणि ते 100 मधून वजा. दोन्ही प्रमाणं शुष्क पदार्थावर, म्हणजे पाणी सोडून उरलेल्या वजनावर, धरायची. प्रथिनांची किंवा तंतूंची पचनीयता हवी असेल तर वजा करण्याआधी शेणातलं प्रथिन भागिले चाऱ्यातलं प्रथिन, असा आणखी एक गुणाकार. गणितात कोणी चुकत नाही. चुकतात ते साखर तळाला बसली तेव्हा.

क्रोमिक ऑक्साईडचं दुखणं नेमकं तेच आहे. 1918 पासून जनावरांच्या पचनाच्या अभ्यासात हा हिरवा भुगा वापरात आहे, आणि त्यावर इतकं काम झालंय की मार्गदर्शकांना तो आधी आठवणं साहजिक आहे. पण तो जड असतो. पेंढ्याला चिकटत नाही, पाण्यात विरघळत नाही. कोटीपोटात, म्हणजे म्हशीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, गेला की शेजारच्या जाळीपोटाच्या तळाशी साचतो आणि तिथून लाटेलाटेने पुढे सरकतो. त्यामुळे सकाळच्या आणि संध्याकाळच्या शेणात प्रमाण वेगळं येतं. मी शिकाऊ असताना तो आंबोणात मिसळून दिला होता. म्हैस फार हुशार. तिने ओली चुणी जिभेने वरच्या वर उचलली आणि घमेल्याच्या तळाला हिरवा थर तसाच ठेवला. तिच्या नाकपुडीवर हिरवं, माझ्या कोपरापर्यंत हिरवं, गड्याच्या धोतरावर हिरवं. दिलेल्या 10 ग्रॅमपैकी शेणात साडेआठच हाती लागले. आता याचा अर्थ बघा. शेणात मार्कर कमी सापडला की सूत्राला वाटतं शेणच जास्त पडलं, म्हणजे पचलं कमी. म्हैस बिचारी नीट पचवत होती, चूक माझ्या घमेल्यात होती.

द्यायचाच असेल तर कणकेच्या किंवा गुळाच्या गोळ्यात, नाहीतर कागदी पुडीत बांधून, दिवसातून दोनदा, 12 तासांच्या अंतराने, थेट घशाशी. आणि नमुने घेण्याआधी किमान 7 ते 10 दिवस. शिवाय प्रयोगशाळेत क्रोमियम मोजताना ते ऑक्सिडाइझ करून षट्संयुजी रूपात आणावं लागतं. ते रूप कर्ककारक आहे आणि जुन्या पद्धतीतलं परक्लोरिक ॲसिड कोरड्या सेंद्रिय पदार्थाबरोबर तापवलं तर स्फोट होऊ शकतो. अलीकडे त्याऐवजी टायटॅनियम डायऑक्साईड वापरतात. सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळून हायड्रोजन पेरॉक्साईड घातलं की केशरी-पिवळा रंग येतो, तो 410 नॅनोमीटरला वाचायचा. काम सुटसुटीत आहे. संस्थेच्या फार्मवर मी तोच निवडेन.

पण तुमचा तबेला म्हणजे संस्थेचा फार्म नाही. तिथलं दूध काही तासांत ठाण्या-कळव्याच्या चहात पडतं. टायटॅनियम डायऑक्साईड आतड्यातून फारसा शोषला जात नाही हे खरं, तरी युरोपीय संघाने 2022 मध्ये तो माणसांच्या अन्नातून काढून टाकला. विकायच्या दुधाच्या जनावराला बाहेरची वस्तू रोज खाऊ घालण्याची परवानगी नैतिकता समितीकडे मागायला मी जाणार नाही. तुम्हीही जाऊ नका. चाऱ्यातच जो मार्कर आधीपासून आहे तो वापरा.

आणि तुमच्या आहारात तो भरपूर आहे. भाताचा पेंढा हाताला खरखरीत का लागतो? वाळू जिची बनते ती सिलिका त्यात ठासून भरलेली असते. पेंढ्याची राख करून ती आम्लात उकळली की मागे उरते ती आम्लात न विरघळणारी राख. वान कोयलेन आणि यंग यांनी 1977 मध्ये बसवलेली पद्धत आजही चालते: नमुना 450 अंशांना रात्रभर जाळायचा, ती राख 2 नॉर्मल (2N) तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये 5 मिनिटं उकळायची, राख न सोडणाऱ्या गाळणकागदातून गाळायची, पुन्हा जाळायची आणि वजन करायचं. भट्टी आणि चार दशांशांपर्यंतचा काटा असला की झालं. चाऱ्यात ही राख फार कमी असेल, मक्याच्या आहारात असते तशी, तर वजनातली थोडीशी चूकही निकाल हलवते. पेंढ्याच्या आहारात ती भीती नाही.

भीती आहे मातीची. माती म्हणजेसुद्धा आम्लात न विरघळणारी राख! आणि ती दोन्हीकडून शिरते. समजा चाऱ्यात ही राख 5 टक्के आणि शेणात 12 टक्के आली, तर पचनीयता 58 टक्के. आता तेच शेण तबेल्याच्या कोब्यावरून खरवडून घेतलं, त्यात खडी-रेती आली आणि आकडा 16 वर गेला, तर पचनीयता 69 टक्के. म्हशीने काहीही जास्त न पचवता अकरा टक्के वाढ! उलट, चाऱ्याच्या नमुन्यात माती आली, पण म्हशीने तो पाला झटकून खाल्ला, तर पचनीयता खोटीच खाली जाते. माझ्या स्वतःच्या एका कामात भाताच्या पेंढ्याची पचनीयता सत्तरीच्या पुढे आली होती. आनंदाने आलेख काढून बसलो होतो. एका ज्येष्ठांनी आलेखाकडे पाहिलंही नाही, फक्त विचारलं, "शेण कुठून उचललं?"

म्हणून शेण थेट गुदाशयातून घ्या. लांब हातमोजा, थोडं साबणाचं पाणी, घाई नाही. बाजाराचा पाला ही तुमची खरी डोकेदुखी. फ्लॉवरच्या पानांच्या देठाशी चिखल अडकलेला असतो, पावसाळ्यात तर विचारू नका. शक्य असेल तर चाचणीपुरता तो पाला बंद करा, किंवा धुऊन, निथळून, मोजून द्या आणि नमुना धुतलेल्या पाल्याचाच घ्या. मालकांना फुकटचा पाला सोडवत नसेल तर निदान चाचणीच्या दिवसांसाठी एकाच प्रकारचा ठरवा. आज फ्लॉवर, उद्या मटाराची सालं, परवा मुळ्याचा पाला, असं चाललं तर शेणातला आकडा परवाच्या चाऱ्याचा आणि वहीतला आजचा. सगळं गणित आहार स्थिर आहे या एका गृहीतकावर उभं आहे, आणि बाजारावर चालणाऱ्या तबेल्यात स्थिर असं काही नसतं.

दुसरा आतला मार्कर जोडीला ठेवा: न पचणारा तंतू. चाऱ्याचे आणि शेणाचे नमुने बारीक जाळीच्या नायलॉन पिशवीत भरून, पोटाला खिडकी केलेल्या जनावराच्या कोटीपोटात 288 तास ठेवायचे. बारा दिवसांनी जो तंतू उरतो तो जंतूंना न जुमानणारा, म्हणजे मार्कर. मातीचा त्याच्यावर परिणाम नाही, कारण तंतू काढल्यावर उरलेली राख वजा करता येते. खर्चिक आणि वेळखाऊ काम आहे, म्हणून सगळ्या नमुन्यांवर नको. तीन-चार म्हशींच्या एकत्रित नमुन्यांवर करा आणि राखेच्या आकड्यांशी ताडून पाहा. दोन्ही जवळ आले तर राखेवर विश्वास ठेवा. फरक पडला तर माती शोधा. लिग्निनला, म्हणजे तंतूतल्या लाकडी भागाला, मार्कर धरायच्या भानगडीत मात्र पडू नका. कोवळ्या पाल्यातलं लिग्निन वाटेत थोडं नाहीसं होतं. पानांवरच्या मेणातले अल्केन मार्कर म्हणून मोजायची पद्धत छान आहे, पण ती कुरणात चरणाऱ्या जनावरांसाठी आहे, खुंट्याला बांधलेल्या म्हशीसाठी नाही.

नमुन्याची वेळ. तबेल्यात पहाटे दोन-अडीचला पहिली धार, दुपारी दुसरी. चारा त्यामागोमाग. म्हणजे म्हशीचा दिवस आपल्यासारखा नसतो, आणि तुम्ही रोज सकाळी दहाला जाऊन शेण घेतलंत तर एकाच क्षणाचा फोटो बारा वेळा काढल्यासारखं होईल. चार दिवस, दिवसाला तीन वेळा, आणि रोज दोन तास पुढे: पहिल्या दिवशी 6, 14 आणि 22 वाजता, दुसऱ्या दिवशी 8, 16 आणि 24, तिसऱ्या दिवशी 10, 18 आणि रात्री 2, चौथ्या दिवशी 12, 20 आणि पहाटे 4. चोवीस तासांतला प्रत्येक दोन तासांचा टप्पा एकदा येतो. मग एका म्हशीचे बारा नमुने सारख्या वजनाने एकत्र करायचे. शेवटची दिवा लोकल गेल्यावर घणसोलीला परतायचं कसं, हा प्रश्न मी सोडवू शकत नाही. तबेल्यात एक खाट मागून घ्या.

एवढ्यावर थांबू नका. बारापैकी तीन म्हशी निवडा आणि पाच दिवस त्यांचं सगळं शेण गोळा करा. पिशवी बांधायची गरज नाही, मूत्र वेगळं काढायची कटकटही नको. पाळीपाळीने एक माणूस फावडं आणि घमेलं घेऊन मागे बसेल, पडलं की लगेच उचलेल. या शेणाचं फक्त वजन आणि शुष्क पदार्थ घ्या, मार्करचं मोजमाप गुदाशयाच्या नमुन्यावरूनच. ओलं शेण दिवसाला 28 किलो आणि त्यात शुष्क पदार्थ 18 टक्के असला तर साधारण 5 किलो कोरडं शेण. त्यात जितका मार्कर निघाला तो म्हशीने खाल्लेल्या मार्करच्या किती टक्के, हे काढलं की तुमचा मार्कर प्रामाणिक आहे की नाही ते कळतं. 95 ते 105 टक्क्यांत असेल तर पुढे चला. हे केल्याशिवाय लिहिलेला प्रबंध मी परीक्षक म्हणून परत पाठवलेला आहे.

खाल्लेलं किती, हा वेगळाच तमाशा आहे. तुमच्या तबेल्यात एकच लांब गव्हाण असणार. म्हशीची जीभ शेजारणीच्या पुढ्यातून चुणी उचलते आणि तुमची वही म्हणते की ही आज कमी जेवली. गव्हाणीत फळ्या घालून कप्पे करा, आणि टाकलेला तसा उरलेला चाराही प्रत्येकीचा वेगळा मोजा. उरलेल्याचा शुष्क पदार्थ वेगळा काढा, कारण ठाण्याच्या दमट हवेत सकाळचा पेंढा आणि संध्याकाळचा पेंढा एकाच वजनाचा राहत नाही.

शेणावरून खाल्लेलं काढायची वाट आहे, पण ती निसरडी आहे. कोरडं शेण 5 किलो आणि पचनीयता 60 टक्के, तर खाल्लं 12.5 किलो. पचनीयता चुकून 65 धरली तर खाल्लं 14.3 किलो. पाच टक्क्यांच्या चुकीने पावणेदोन किलो चारा हवेतून निर्माण झाला. त्यापेक्षा फळ्या ठोका.

आता दुसरा प्रश्न, पोटात किती वेळ. इथे स्पष्ट सांगतो: हे काम तबेल्यात नको, संस्थेच्या फार्मवर तीन-चार जनावरांवर करा, दूध बाजूला काढून.

कोटीपोटात पाणी आणि पेंढा वेगवेगळ्या वेगाने बाहेर पडतात, एक फास्ट लोकल, एक स्लो. पाण्यासाठी कोबाल्ट-ईडीटीए. पाण्यात विरघळतो, बहुतेक सगळा शेणात येतो, थोडा शोषला जाऊन मूत्रात जातो. पेंढ्यासाठी क्रोमियम पक्कं बसवलेला तंतू. उदेन, कोलुची आणि वान सोस्ट यांनी 1980 मध्ये हे दोन्ही मांडले आणि तेव्हापासून जोडी टिकून आहे. तंतू आधी डिटर्जंटने धुऊन घ्यायचा, सोडियम डायक्रोमेटच्या द्रावणात गरम ओव्हनमध्ये ठेवायचा, मग ॲस्कॉर्बिक ॲसिडने क्रोमियम त्रिसंयुजी करायचं आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. हात राखून करा. क्रोमियम जास्त बसलं की तंतू जड होतो, न पचणारा होतो, आणि खऱ्या पेंढ्यापेक्षा लवकर तळाला जाऊन बाहेर पडतो. म्हणजे तुम्ही पेंढ्याचा नाही, तुमच्याच कारागिरीचा वेग मोजता. यटर्बियमसारखे दुर्मीळ मृदा धातू हलक्या हाताने बसतात, पण एका कणावरून सुटून दुसऱ्यावर जाऊन बसतात, खऱ्यापोटातल्या (चौथ्या कप्प्यातल्या) आम्लात तर जास्तच. जुन्या लेखांत पाण्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉल दिसेल. बाभूळ-सुबाभळीचा पाला असेल तिथे ते अजिबात नको, कारण ते अशा पाल्यातल्या तुरट टॅनिनला धरून ठेवतं. टॅनिनचा त्रास कमी करायला ते मुद्दाम देतात, मग ते तटस्थ मार्कर कसं?

एकदा दिल्यावर पहिल्या दिवशी दर तीन तासांनी, दुसऱ्या दिवशी चार ते सहा तासांनी, मग विरळ करत 120 तासांपर्यंत नमुने. मार्कर देण्याआधीचा शून्य तासाचा नमुना विसरू नका. आलेख आधी काही तास जमिनीला चिकटलेला, मग झपाट्याने वर, मग लांब शेपटीसारखा खाली. ग्रोव्हम आणि विल्यम्स यांनी 1973 मध्ये मेंढ्यांवर दाखवलं की लॉगमध्ये मांडलेल्या या शेपटीचा उतार सगळ्यात संथ कप्प्याचा, बहुधा कोटीपोटाचा वेग सांगतो. सरासरी काळ हवा असेल तर प्रत्येक नमुन्याचं प्रमाण, त्याची वेळ आणि त्याने व्यापलेलं अंतर यांचा गुणाकार करून बेरीज, भागिले प्रमाण आणि अंतर यांच्या गुणाकारांची बेरीज. शेपटी 72 तासांना तोडली तर पेंढ्याचा काळ कमी भासतो, आणि विद्यार्थी थकतात ते नेमके तिसऱ्या रात्री.

हा वेग कशाला हवा ते मालकांना समजावताना मी असं सांगतो. तंतू तासाला 4 टक्के पचतो आणि 4 टक्के निसटतो, तर निम्माच पचेल. निसटणं 2 टक्क्यांवर आणलं तर दोन तृतीयांश पचेल. म्हणून कुट्टी पिठासारखी बारीक केली की म्हैस जास्त खाते खरी, पण पेंढा जंतूंच्या हाती लागण्याआधीच पुढे जातो. आणि म्हणूनच दोन आहारांची तुलना करताना खाल्लेलं सारखं आहे का ते आधी पाहा. जास्त खाल्लं की वेग वाढतो, पचनीयता उतरते, आणि दोष बिचाऱ्या चाऱ्यावर येतो.

नमुने घरी नेण्याआधी तिथेच एक साधं काम करून घ्या. मूठभर शेण दीड मिलिमीटरच्या चाळणीत घेऊन नळाखाली धुवा. सरकीची सालं, अख्खी चुणी, बोटभर लांबीचा पेंढा दिसला तर तुमच्या प्रबंधातला निम्मा निष्कर्ष तुम्हाला आजच कळेल, आणि मालकांना तर आकड्यांपेक्षा तोच पटेल. पिशव्यांमध्ये शेणाबरोबर चिठ्ठी टाकताना पेन्सिलीने लिहा: म्हशीचा बिल्ला, तारीख, वेळ. मी पहिल्या वर्षी मार्कर पेनने लिहिलं होतं. ओल्या शेणाने आणि फ्रीजरच्या बर्फाने 36 पिशव्या कोऱ्या झाल्या.